गुरोआजीची कॉफी

नोर्डल, मिनेसोटा
१२ जून १९२२

चि. हालवर यास सिग्नेताईचे अनेक आशीर्वाद.

गावाच्या पन्नाशीचा समारंभ पार पडला. तू नव्हतास तेच बरं, माझी फजिती तरी तुला दिसली नाही. आईची मावशी, गुरोआजी, आपल्या चर्चमध्ये जेवायला आली होती. देव स्वर्गासाठी माणसं आधीच निवडून ठेवतो की नाही, यावरून गाव फुटून दोन चर्चं झाली, घंटा आपल्याकडे राहिली आणि शेगडी तिच्या लोकांनी नेली, त्यानंतर प्रथमच. गाव वसवणाऱ्यांपैकी आता ती एकटीच उरली आहे.

मी कॉफी विचारली, ती नको म्हणाली. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तेवढ्यात पाद्र्यांच्या बायकोने हाक मारली आणि मी किटली घेऊन वळले. आपल्या नॉर्वेच्या माणसांत दोनदा नको म्हणायचं ते रीतीपुरतं, खरं उत्तर तिसऱ्यांदा, हे मला कोणी शिकवायला हवं का? ती कोरड्या तोंडाने घरी गेली. दोन्ही चर्चं एक करण्याची बोलणी तिच्या लोकांनी थांबवली आहेत. मला रस्त्यात मान वर करवत नाही.

तुझी ताई

मिनीआपोलिस
१६ जून

ति. सिग्नेताईस शि. सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग पत्र पुन्हा वाचलं. इथे लोक एकदाच विचारतात. पहिल्या वर्षी मी कितीदा उपाशी उठलो आहे! माफीचं भाषण नेऊ नकोस, तिला ते खपणार नाही. बटाट्याच्या पोळ्या, आपले लेफसे, लाटून ने आणि बस. ती कॉफी विचारेलच. तू मात्र हावरटासारखी लगेच हो म्हणू नकोस.

लोभ राहू दे, चार लेफसेही राहू देत.

हालवर

नोर्डल
२५ जून

चि. हालवर यास आशीर्वाद.

काल गेले. लेफसे तिने घेतले, माझ्याकडे पाहिलं नाही. कॉफी विचारली, मी नको म्हटलं. पुन्हा विचारली, पुन्हा नको. मग तिने किटली खाली ठेवली आणि विणायला घेतलं.

आम्ही कितीतरी वेळ तशाच बसलो. त्या दिवशी तीही अशीच वाट बघत बसली असणार, भरल्या पंगतीत, रिकामा कप पुढे ठेवून. माझी मलाच इतकी लाज वाटली की रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी शाल घेऊन उठले. दाराला हात लावला तेव्हा मागून ती म्हणाली, "घोटभर तरी घेशील ना, पोरी?"

घेतली. पार निवली होती.

येत्या रविवारी मी तिला आपल्या चर्चमध्ये बोलावलं आहे. दोनदा नको म्हणाली. उद्या पुन्हा जाते.

आहेस तिथे पोटभर जेव. तुझी,
सिग्नेताई