दोन तिरप्या रेघांमागची ओळ

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
संगणक विभाग, सार्वजनिक वाचनालय.

विषय : संकेतस्थळाच्या रंगांची मूळ फाइल (एससीएसएस) नष्ट होण्यापूर्वी तीत एक ओळ लिहिण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार पाट्या रंगवतो. वाचनालयाच्या दारावरची पाटीही त्याचीच. आपल्या संकेतस्थळाचे रंग त्याच्या मुलीने, आपल्या विभागात नोकरीस असताना, ठरवले. तीन वर्षांपूर्वी अर्जदार चारचौघांत तिला म्हणाला, "ज्याने हात माखत नाहीत, तो कसला रंग?" त्यानंतर तिने नोकरी सोडली, घर सोडले. ती अर्जदाराचा फोन घेत नाही.

२. सदर फाइलची एक प्रत घरच्या संगणकावर राहिली आहे. अर्जदार ती उघडू गेला तेव्हा संगणकाने उलट त्यालाच विचारले, कशाने उघडू? झेरॉक्सवाल्यानेही हात टेकले. शेवटी आपल्या विभागातील बाईंनी ती साध्या मजकुरासारखी उघडून दाखवली व समजावले की हा कच्चा खर्डा आहे, यंत्र त्यावरून पक्की प्रत काढते आणि संकेतस्थळ पक्क्या प्रतीवर चालते. पाटीवर आधी खडूने रेघा मारतात आणि रंग चढला की पुसतात, तसेच हे. बाकी महिरपी कंसांतले अर्जदारास ओ की ठो कळत नाही.

३. मात्र रंगांना मुलीने नावे दिली आहेत. एक 'बाबांच्या_शिडीचा_हिरवा' आहे. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरासोबत आपण पाठवलेल्या पक्क्या प्रतीत त्या जागी नुसता आकडा आहे. तसेच खर्ड्यात दोन तिरप्या रेघांमागे एक ओळ आहे : "बाबांना विचारायचं, हा पिवळा विटका का दिसतो." पुढे तारीख आहे, ती भांडणाच्या आदल्या आठवड्याची. अशा ओळी यंत्र गाळते, असे बाई म्हणाल्या. आपण मात्र लेखी कळवता की प्रतीत काहीही गहाळ नाही.

४. अर्जदाराने त्या ओळीखाली उत्तर लिहिले आणि महिनाभर रोज सकाळी फाइल उघडून मुलीचे काही आले का ते पाहिले. ते घरच्याच प्रतीत राहते, हे त्यास फार उशिरा कळले.

५. संकेतस्थळ बिघडले की विभाग आजही मुलीलाच फोन करतो व ती दुरून आपल्याकडची फाइल उघडते. बाईंच्या शब्दांत, "काका, ती तुमचा फोन उचलत नाही, पण आमचा उचलते." एक तारखेस नवे संकेतस्थळ येऊन खर्डा पुसला जाईल. त्याआधी येत्या शुक्रवारी मुलगी तो शेवटचा उघडणार आहे.

६. पहिल्या अर्जावर आपण "फाइल उघडत नाही" असा शेरा मारला. दुसऱ्यावर ओळ लिहिण्याचा विहित नमुना नसल्याचे कळवले. म्हणून अर्जदाराने नमुना स्वतः तयार करून आणला. तो टपाल खिडकीतून आत जाईना, म्हणून खिडकीवरून परत दिला गेला; तोच आता दारातून आणून सोबत जोडला आहे.

७. ओळ लोकांना दिसणार नाही. वाचनालयाचे काडीचेही नुकसान नाही. अर्जदारास दुसरा मार्ग ठाऊक नाही, आणि हा मार्गही त्याच्या हातात नाही. तरी शुक्रवारपूर्वी सोबतची ओळ मुलीच्या ओळीखाली जशीच्या तशी उतरवून घ्यावी, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
अर्जदार
(आपल्या दारावरची पाटी रंगवणारा)
दिनांक : २३ सप्टेंबर

सोबत : ओळीचा नमुना, पत्र्यावर रंगवलेला, तीन फूट बाय एक फूट, एक नग. मजकूर :
// त्यात पांढरा नको घालूस, थेंबभर तांबडा घाल. मी चुकलो. बाबा