चाकाची धाव, एक बोट कमी

२७ जानेवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण: अकरावीचं फिजिक्स. माझं नव्हे, रोशनीचं. पण आता माझंही.

दहावीपर्यंत पोरीचा प्रत्येक डाऊट माझ्याकडे यायचा. भूमिती, इंग्रजी, नागरिकशास्त्र, सगळं. शाळेत मी क्लार्क, पण घरात मास्तर मीच. अकरावी सायन्सला गेल्यापासून एकही डाऊट नाही. आज विचारलं तर म्हणाली, उष्णतेचा धडा चालू आहे, लोखंड तापलं की किती वाढतं तो, आणि इस्तारीकाकांनी समजावून दिला.

इस्तारी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा लोहार. शिक्षण चौथी.

संकल्प: पंधरा दिवसांत धडा संपवणे. रोज पहाटे पाच. मत्सर वगैरे काही नाही. शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न आहे.

२८ जानेवारी
साडेसातला उठलो. थंडी फार. उष्णतेचा धडा थंडीत ठेवणाऱ्यांनी विचार करायला हवा होता.

३० जानेवारी
पहिलं गणित. बैलबंडीचं लाकडी चाक, त्यावर चढवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. धावेचा व्यास एक मीटर. चाक तिच्यापेक्षा सहा मिलिमीटरनं मोठं. धाव किती अंशांनी तापवली म्हणजे चाकावर बसेल?

सूत्र सोपं आहे. दोन तास लागले. उत्तर: पाच लाख अंश सेल्सिअस.

जरा जास्त वाटतं. पण पुस्तकात लाकूड कोणतं ते दिलेलं नाही. सागाला तेवढं लागत असेल.

रोशनीला सहज विचारलं. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, पाचशे. मी म्हटलं, पाच तर जुळले. मग शून्यांवर बोलणं झालं. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले होते. किरकोळ.

१ फेब्रुवारी, रविवार
जेवताना रोशनी "इस्तारीकाका म्हणतात" असं अकरा वेळा म्हणाली. मी मोजलं. धाव पुरेशी तापली की नाही हे इस्तारी तिला सागाची काडी लावून बघतो. धूर निघाला की झालं. याचं केवढं कौतुक. मी साध्या तापाला दोनदा थर्मामीटर लावतो, त्याचं कोणाला काही नाही.

गोकुळा म्हणाली, पोरगी भट्टीवरून आली की खूश असते. मी बायकोला विचारलं, आणि घरी? तिनं ताटात भात वाढला.

४ फेब्रुवारी
शाळेतून भट्टीवरून घरी आलो. वाट लांबची आहे, पण तेवढाच व्यायाम. रोशनी उकिडवी बसून वहीत लिहीत होती, इस्तारी सांगत होता, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला दिवाळीनंतर बघितलेलं नाही. पोटात एकदम जळफळाट झाला. अ‍ॅसिडिटी असावी.

मला बघून इस्तारी म्हणाला, "वामनभाऊ, पट्टी चाकापेक्षा एक बोट कमी कापा लागते. तापली का मोठी होते, थंड झाली का चाकाले आवळून धरते."

लगेच रोशनी: परिघात एक बोट म्हणजे व्यासात सहा मिलिमीटर, पुस्तकातलं गणित हेच तर आहे. मी म्हटलं, सगळं अंदाजपंचे आहे. इस्तारी भाता ओढायला लागला, रोशनीनं वहीचं पान उलटलं. म्हणजे पटलं.

६ फेब्रुवारी
मोठा शोध. गोकुळा सकाळी उडदाचे वडे तळत होती. वडा तेलात फुगला की मधलं भोक बारीक होतं. लोखंडही फुगतं. म्हणजे धाव तापली की बाहेर वाढणार तशी आतही वाढणार, आणि भोक बारीक होणार. मग पट्टी एक बोट कमी कशी चालेल? जास्त हवी. इस्तारी आयुष्यभर उलटं करत आलाय आणि निव्वळ नशिबानं चाकं टिकलीत.

चार वडे जास्त खाल्ले. प्रत्येकाचं भोक बारीक होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या रविवारी शिवरात्र, मार्कंड्याची जत्रा. गावात बाकी बंड्यांना रबरी टायर आले, आमची अजून लाकडी चाकांची, आणि दोन्ही धावा झिजलेल्या. नव्या बसवायला इस्तारीकडे गेलो आणि माझं माप सांगितलं: एक बोट जास्त.

"ढिल्ली होईन ना, भाऊ."

मी सूत्र सांगितलं. वडा सांगितला. चार माणसं गोळा झाली. रोशनीनं माझी बाही ओढून हळूच म्हटलं, "बाबा, भोक बी मोठंच होते." हळूच, पण चौघांना ऐकू जाईल इतकं हळूच.

शेवटी मीच तोडगा काढला. डावं चाक त्याच्या मापानं, उजवं माझ्या. इस्तारी म्हणाला, "तुमचं चाक, तुमचं माप." बिचाऱ्याचा आवाज पडला होता. आता रोशनीला कळेल डाऊट कोणाला विचारायचे ते.

११ फेब्रुवारी
धावा बसल्या. गोवऱ्यांचा जाळ केला, चौघांनी सांडशांनी धरून धाव उचलली. डावी हातोड्याचे घाव खात खात बसली. पाणी ओतल्यावर चाक करकरून आवळलं गेलं. लोक वाहवा म्हणाले. लोकांना काय, आवाज झाला की पुरे.

उजवी अलगद बसली. एक घाव लागला नाही. पाणी ओतल्यावर किंचित सैल वाटली. रोशनीनं फटीत पेनाची रिफिल घालून बघितली. गेली. इस्तारीनं लाकडाच्या पाचरी ठोकून दिल्या. याला फाइन अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात.

१३ फेब्रुवारी
शेतापर्यंत ट्रायल. उजवं चाक थोडं बोलतं. रोशनी म्हणाली, बसनं जाऊ. मी म्हटलं, विज्ञानावर विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवलाय, म्हणूनच म्हणते. अर्थ लागला नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
निम्मा रस्ता उत्तम गेला. मग उतार आला आणि उजवी धाव निघाली. चाकाच्या पुढे निघाली. गर्दीतून सरळ रस्त्यानं गेली, मग वळून धानाच्या बांधीत. लोकांनी तिला वाट करून दिली. एका म्हातारीनं हात जोडले.

इस्तारीची बंडी मागूनच येत होती. त्यानं गोकुळाला आणि रोशनीला आपल्या बंडीत घेतलं. रोशनी पुन्हा खाली उतरली, म्हणाली, मी बाबांजवळ थांबते. मी म्हटलं, जा, दर्शन घे. मनात होतं, थांब. ती गेली.

मी बैलांजवळ राहिलो. कोणीतरी राहायलाच हवं होतं. संध्याकाळी चारपर्यंत. लांबून जत्रेचा लाउडस्पीकर ऐकू येत होता, एक मुलगी हरवली आहे म्हणून सांगत होते. आमची नव्हती. आमची इस्तारीच्या बंडीत होती.

डावं चाक ठणठणीत आहे.

१६ फेब्रुवारी
धड्याचं पुढचं पान वाचलं. चौकटीत दिलंय: पत्रा तापला की त्यातलं छिद्रही मोठं होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट पुढच्या पानावर ढकलतात. वड्याविषयी मात्र एक अक्षर नाही.

इस्तारीनं उजवी पट्टी कापून पुन्हा बसवून दिली. एक बोट कमी. काही विचारलं नाही, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी चांगलं भांडलो असतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
रोशनी सकाळी स्वतः वही घेऊन आली. डाऊट! म्हणाली, "बाबा, हे रुळाचं गणित मले समजूनच नाई राह्यलं."

दहा मीटरचा लोखंडी रूळ, वीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेला तर किती वाढेल. मी चष्मा लावला. दोन पानं लागली. मध्ये एकदा तीन मीटर आलं, पण मी स्वतःच पकडलं आणि शेवटी तीन मिलिमीटर. पुस्तकामागचं उत्तर काढून बघितलं. तीन मिलिमीटर! ती शेजारी बसून सगळं ऐकत होती, एकदाही मध्ये बोलली नाही. आता समजलं म्हणाली. इस्तारीला हे जमलं नसतं. आमच्या गावात रेल्वेच नाही.

जाताना म्हणाली, उद्या आणखी एक डाऊट आणते.

ती कॉलेजला गेल्यावर शाबासकी लिहावी म्हणून वही उघडली. चार पानं मागे तेच गणित, तेच आकडे, तीन ओळींत सोडवलेलं. तीन फेब्रुवारीची तारीख, बाजूला सरांची लाल खूण.

वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग पुन्हा वाईट वाटलं. शाबासकी लिहिली नाही. वही होती तशी मिटून ठेवली.

उद्याचा डाऊट आणू दे.