गुरुवारचा वापसा

१५ जाने. ७६, गुरुवार
सुटी, म्हणजे ट्रॅक्टरचा दिवस. दादाला चालवता येत नाही, मला बाकीचे सहा दिवस कंपनी सोडत नाही. परवा अवकाळी झाला. तोडलेला ऊस रानात पडून. दादाने सरीतली माती मुठीत दाबली, अंगठ्याने फोडून पाहिली. फुटली नाही, नुसती चेपली. म्हणाला, "वापसा न्हाई अजून, आत चिखल हाय. ट्रॉली बांधावर ऱ्हाऊ दे, मोळ्या डोक्यावरनं आणू."
एवढ्या मोळ्या? ट्रॉली थेट रानात घातली. दिवस मावळायच्या आत ऊस बाहेर. दादा बांधावर बसून. मी खूश.

५ फेब्रु., गुरुवार
तोडलेल्या उसाच्या बुंध्यांना, खोडव्याला खत. मंगळवारी पाणी दिलेलं. दादा म्हणे शनिवारी ये. शनिवारी फर्स्ट शिफ्ट! "रान काय तुझ्या शिफ्टला बांधलंय?" राग आला. भरली ट्रॉली आतपर्यंत नेली.

१८ मार्च, गुरुवार
खोडवा फुटलाय, पण चाकं गेली तिथे पट्टेच्या पट्टे मोकळे. पाणी तिथेच साचतं, जिरत नाही. पहार मारली. वीतभर खाली फरशी लागल्यासारखी अडली. एक ठोंब उपटला, मुळं खाली न जाता आडवी वळलेली.
दादा गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होता. "आपलं आबा हितं पायताण काढून चालायचं." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मे, रवि.
वहिनी माझ्या थेरगावच्या खोलीवर आल्या, पापड घेऊन. जाता जाता म्हणाल्या, दादा रोज पहाटे कुदळीने चाकोऱ्या खणतात. दिवसाला चार-पाच हात. तळहात सोलवटलेत. "तुमास्नी सांगू नगं म्हनले." खिल्लारी जोडी होती ती मीच विकायला लावली. ट्रॅक्टर आल्यावर बैल कशाला, म्हणून.
सेकंड शिफ्टला मशीनवर दोन जॉब बिघडवले. फोरमन बोलला ते ऐकूच आलं नाही.

२४ जून, गुरुवार
खोडवा मोडला. ताग पेरला, वाढला की गाडायचा. माती भुसभुशीत होईल म्हणतात. किती वर्षांनी, ते कोणी सांगत नाही. पेरण्याआधी दादाला विचारलं, वापसा आहे का?
"तुझा गुरवार हाय की आज. मग आसंलच."
मोटारीच्या खोलीमागे जाऊन रडलो. चाळिशीला आलेला माणूस.

१० ऑगस्ट, मंगळवार
पावसाने उघडीप दिली, ताग गाडायचाय, असा वहिनींचा निरोप. रजा नामंजूर. तरी गेलो. शेजारच्या तात्यांचे बैल मागून आणलेले, नांगराला जुंपून उभे. ट्रॅक्टर गोठ्यात.
मला बघून दादा वाकला, मूठभर माती घेतली. नेहमीसारखी दाबणार वाटलं, पण माझ्या हातात दिली.
"तूच सांग."
दाबली, अंगठा लावला. अर्धी फुटली, अर्धी चिकटली. दादाच्या तोंडाकडे बघितलं, तिथे काहीच नाही. बारा वर्षं या हातात मायक्रोमीटर धरतोय. मातीचं काही कळेना.
"मला कळत नाही, दादा."
दादाने बैलांचं जू सोडलं. "ऱ्हाऊ दे. उद्या बघू दोघं."
उद्या बुधवार. फर्स्ट शिफ्ट.