ते-मुनची तिथी

तोंगयोंग, ३ मे २०११

राजदूतसाहेबांस, स. न. वि. वि.

‘ती. दादास’ लिहायला हात वळला नाही. पेपरात तुझा फोटो पाहिला. बावीस वर्षं हेरखात्यात काढून आता दहशतवादाविरुद्ध देशाचा राजदूत! ओलिसांच्या घरच्यांशी खरं बोलावं, असं भाषणही ठोकलंस म्हणे. धन्य आहेस.

आपल्या धाकट्या ते-मुनला वाळवंटातल्या बांधकामावरून उचलून नेलं, तेव्हा सुटकेची बोलणी तूच करत होतास. शवसुद्धा मिळालं नाही. तो गेल्याचं सरकारी पत्र आलं, तीच तिथी धरून मी सात वर्षं त्याचं श्राद्ध घालते आहे. परवा शेजारची म्हातारी आईला म्हणाली, आत्मा आपल्या तिथीलाच जेवायला येतो, तुमचं पोर दर वर्षी उपाशी परत जात असेल. तेव्हापासून आईचा घास उतरत नाही. खरी तिथी तुला ठाऊक आहे. तेवढी कळव.

लोभ मागत नाही.
ओक-बुन

सोल, १२ मे

चि. ओक-बुनला अ. उ. आ.

टोमणे पोचले. ती फाइल बंद आहे आणि मी शपथेने बांधलेला आहे. आहे त्याच तिथीला भात वाढ, आईची समजूत काढ. अशा भाकडकथांवर तू तरी विश्वास ठेवू नयेस. आईस सा. न.

तुझा दादा,
सोक-जू

तोंगयोंग, १८ मे

राजदूतसाहेबांस,

फाइल उशाशी घेऊन झोप. इथे काल आईला सलाईन लावलं. ती गेली तर तिची तिथी मी तुला बिनचूक कळवीन.

ओक-बुन

सोल, २४ मे

चि. ओक-बुन,

नववा चांद्रमास, सतरावा दिवस. वाचून जाळून टाक.

सोक-जू

तोंगयोंग, ३० मे

मायना सुचत नाही.

सतरावा दिवस म्हणजे त्या वर्षीचा आईचा सत्तरावा वाढदिवस. तू आला होतास. वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप दोनदा मागून प्यालास. मधेच फोन आला म्हणून अंगणात गेलास, आणि परत येऊन आईसाठी गाणं म्हटलंस. तिनं ते-मुनचं विचारलं, तर महिन्याभरात घरी येईल म्हणालास. तिनं तुझ्या हाताचा मुका घेतला होता.

आज तिनं विचारलं, दादानं काय कळवलं? मी म्हटलं, आपलीच तिथी बरोबर आहे, त्यानं खात्री करून घेतली. ती उठून बसली, वाटीभर पेज प्याली.

बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. तुझीच बहीण शोभले. याची क्षमा मी तुला मरेपर्यंत करणार नाही.

ओक-बुन