ढगांचे चौकोन

३ फेब्रुवारी, सोमवार

काढून टाकणार म्हणे! माझा ड्रायव्हर!

सकाळी चहा गाळता गाळता मेल उघडला तर खडूसचं पत्र. खडूस म्हणजे लिनक्सच्या — जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या त्या फुकट कॉम्प्युटर-प्रणालीच्या — ग्राफिक्सवाल्यांचा मुख्य. कधी भेटलो नाही, फोटोसुद्धा बघितलेला नाही, पण त्याच्या पत्रात नमस्कारही नसतो, म्हणून खडूस. म्हणतो — तुमचा ड्रायव्हर ज्या ग्राफिक्स कार्डासाठी आहे ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, कार्ड आता कुणी वापरत नाही, ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आहे. महिनाअखेरपर्यंत नव्या पद्धतीने लिहून द्या, आणि दोन वेगळ्या माणसांनी आपापल्या कॉम्प्युटरवर चालवून तसं कळवलं पाहिजे. नाहीतर पुढच्या आवृत्तीतून डच्चू.

डच्चू! निम्मा चहा ओट्यावर सांडला.

"काय झालं?" सासूबाई. त्यांचं बोलणं एवढंच असतं. सगळी नोकरी तार ऑफिसात गेली, शब्दाला पैसे पडायचे, ती सवय अजून सुटलेली नाही.

"काही नाही हो आई, कामाचं."

"खिडकीची कडी," त्या म्हणाल्या. त्यांच्या खोलीतली कडी निखळली आहे, वारा आला की खिडकी आपटते.

"बघते हं," म्हटलं आणि खडूसला उत्तर लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते एकच वाक्य: देते लिहून.

४ फेब्रुवारी

जेवताना कार्टी म्हणाली, "कुणी वापरतच नाही तर जाऊ दे ना आई. मरू दे."

मरू दे! अठरा वर्षांची घोडी झाली, आईचं काम काय आहे ते माहीत नाही. मी घास खाली ठेवला आणि समजावलं. अगं, कार्ड म्हणजे चित्रकार. पडद्यावर दिसतं ते सगळं तो काढतो. पण त्याला कॉम्प्युटरची भाषा कळत नाही. मधे दुभाषा लागतो — तो ड्रायव्हर. दुभाष्याला हाकललं की चित्रकार धडधाकट असून उपयोगाचा नाही. पडदा काळा. नवीन कार्ड घेऊन ये म्हणतात! चांगलं चालणारं कार्ड कचऱ्यात टाकायचं, का? तर दुभाषा मिळत नाही म्हणून!

"बरं बरं, चिडू नकोस," कार्टी म्हणाली. नवरा गालातल्या गालात हसत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, त्याला वाटतं जगात सगळं दोन भिंगांत सुटतं.

पण खरं कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. कार्टी झाली तेव्हा नोकरी सोडली. घरात नुसती चिडचिड चालायची माझी. सासऱ्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस ते दोन ग्राफिक्स कार्डं घेऊन आले, एक माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "लिनक्सवर चालत नाही म्हणतात. तू चालवून दाखव बरं." दाखवलं! तेव्हापासून कोणत्या ड्रायव्हरची जबाबदारी कुणाची त्या फाइलमध्ये माझं नाव आहे. घरात मी हिची आई, त्याची बायको, त्यांची सून. त्या एका ओळीत मात्र नुसती मी. ती ओळ मला हवी आहे. बस्स.

६ फेब्रुवारी

दोन माणसं हवीत. एक मी. दुसरं कोण?

दुसरं कार्ड आठवलं. ते मिळालं तर नवऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावते आणि त्यालाच दुसरा माणूस करते. माळ्यावर चढले. तुटकी छत्री, कार्टीचा पाळणा, सासऱ्यांचे जुने स्पीकर — आणि सापडलं! खोकं उघडलं तर रिकामं. कुणालातरी देऊन टाकलं असणार. सासरे तसेच होते, गिऱ्हाइकाने छान म्हटलं की वस्तू त्याच्या पिशवीत.

खाली शिडी धरून सासूबाई उभ्या होत्या.

"रिकामं आहे हो आई."

"हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खोकं ठेव."

काही फेकू देतील तर शपथ!

७ फेब्रुवारी

तक्रारखोर! तो कसा आठवला नाही मला?

माझ्या ड्रायव्हरवर जगात एकच माणूस तक्रारी नोंदवतो. नावाच्या जागी नुसते आकडे. सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, आणि कधी दोन ओळींच्या वर नाही. "विमानाच्या खेळात ढग चौकोनी." "परत चौकोनी." "गेल्या वेळी नीट केलंत ते आता बिघडलंय." कृपया नाही, धन्यवाद नाही. वाचलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळी कामं टाकून मी ते दुरुस्त करून पाठवते. त्याला गप्प करायचं म्हणून!

ते ढग काही माझ्या हाती लागत नाहीत. खेळ मीही उतरवून घेतलाय. पण माझं विमान ढगापर्यंत पोचतच नाही, प्रत्येक वेळी त्याच त्या टेकडीवर आपटतं.

चार वर्षांपूर्वी महिना-दोन महिने तो एकदम गप्प होता. मला वाटलं, गेला की काय बिचारा. आमच्याकडेही सासरे तेव्हाच गेले होते, मीही कुठे होते जागेवर. मग एक दिवस आला निरोप: "परत आलो. ढग अजून चौकोनी." इतकं बरं वाटलं होतं!

आज त्याला लिहिलं. नव्या ड्रायव्हरची चाचणी कराल का? तुम्ही केली नाहीत तर तो काढून टाकतील.

८ फेब्रुवारी

उत्तर: "कृती पाठवा. थोडक्यात."

मिजास बघा!

१० फेब्रुवारी

कृती पाठवली. चार पानांची झाली होती, थोडक्यात म्हणाला म्हणून एका पानात कोंबली.

खडूसने विचारलं, हा तुमचा वापरणारा खरा आहे की तुम्हीच दुसऱ्या नावाने लिहिता? माझं डोकंच फिरलं. ठणकावून लिहिलं — तो जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. माझ्याकडे पुरावा आहे! त्याचे निरोप नेहमी आमच्याकडे दुपार असताना येतात, जेवणं होऊन घर गाढ झोपतं तेव्हा. म्हणजे त्याच्याकडे मध्यरात्र. दिवसा कुठेतरी नोकरी करत असेल. एकटा असणार. टक्कल असणार.

कार्टी मागून वाचत होती. "म्हातारा असेल का गं?"

"असेलही. तुला काय करायचंय?"

"काही नाही," म्हणाली आणि आजीच्या खोलीत पळाली. हल्ली रोज दुपारी तिथेच झोपते. चांगलं आहे, आजीला तेवढीच सोबत.

१३ फेब्रुवारी

झालं!! नवा ड्रायव्हर चालला! पहिल्या फटक्यात! सगळ्या चाचण्या पास, चित्र स्वच्छ, पडद्यावरच्या खिडक्या सरसर सरकतायत. इतकं गुळगुळीत तर जुन्यावरही कधी चाललं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना मेल टाकला — खडूसला, ग्राफिक्सवाल्यांच्या मेल-यादीवरच्या शेकडो लोकांना. थोडी फुशारकीही मारली. लिहिलं की जुनं कार्ड आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे बघावं.

नवऱ्याला दुकानात फोन केला. "झालं माझं!"

"वा! आता निदान जेवण गरम मिळणार का?"

"तू करशील तर मिळेल," म्हटलं.

१४ फेब्रुवारी

तक्रारखोर: "पडदा काळा."

एवढंच. मी उत्तर दिलं की माझ्याकडे उत्तम चालतंय, तुमच्याकडे जोडणीत काही चूक असेल.

त्यावर लगेच: "तुम्ही तुमची केबल कार्डातच लावली आहे ना?"

हात शिवशिवले नुसते. मला विचारतो! मला!

१५ फेब्रुवारी

लावली नव्हती.

लिहिताना अजून कान गरम होतायत. मागच्या आठवड्यात टेबल पुसताना मॉनिटरची केबल काढली होती. परत लावताना ती कार्डाच्या खाचेत न लावता कॉम्प्युटरच्या स्वतःच्या खाचेत लावली. म्हणजे चित्र काढत होता तो कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेला दुसराच चित्रकार! माझं कार्ड बाजूला झोपलेलं. आणि मी टाळ्या वाजवतेय!

केबल नीट लावली. पडदा काळा. त्याच्यासारखाच.

शेकडो लोकांना पुन्हा मेल टाकला. माझीच चूक, केबल. कुणीतरी हसरा चेहरा पाठवला. मग दुसऱ्याने, मग रांगच लागली. खडूस चक्क म्हणाला, "सगळ्यांचं होतं. माझंही झालंय." खडूस!

रात्री जेवताना सगळं सांगितलं. नवरा ठसका लागेपर्यंत हसला. कार्टी टेबलाखाली गेली. आणि सासूबाई — त्या कधी हसत नाहीत इतकं — पदराने डोळे पुसायला लागल्या. मलाही मग हसू आवरेना.

१९ फेब्रुवारी

काळा. काय वाट्टेल ते केलं, काळाच.

"कडी," सासूबाई म्हणाल्या. बघते हं, म्हटलं. वैतागले होते.

२० फेब्रुवारी

काळा.

२१ फेब्रुवारी

नाही जमणार असं वाटतंय. दहा दिवससुद्धा उरले नाहीत. आज ओट्यापाशी उभी राहून रडले थोडं. कार्डासाठी कोण रडतं? मी रडते. सासूबाई आत आल्या, बघितलं. माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली भाजी चिरून ठेवली.

दुपारी तक्रारखोराचा निरोप: "सोडू नका. मी थांबतो."

त्याने आजवर मला पाठवलेल्या निरोपांतला हा पहिला, ज्यात धीर दिला होता.

२४ फेब्रुवारी

सापडलं! आणि कशामुळे, तर कार्टीमुळे!

सकाळी तिला उठवत होते. पांघरूण ओढलं आणि सुरू झाले — दूध घे, कपडे वाळत टाक, बाबांचा डबा दुकानात पोचव, येताना साबण आण. ती डोळे मिटूनच ओरडली, "अगं आधी मला जागी तर होऊ दे! मग सांग! यातलं एक अक्षर ऐकलं नाहीये मी!"

मी तिथेच थबकले. हेच! अगदी हेच! नव्या पद्धतीत कार्डाला वीज मिळाली रे मिळाली की मी लगेच हुकूम सोडत होते. जुन्या ड्रायव्हरमध्ये सगळंच कूर्मगतीने चालायचं, त्यामुळे कार्डाला उठून बसायला आपोआप वेळ मिळायचा. नव्यात नाही. बिचारं झोपेतच सगळं ऐकत होतं!

कार्टीचा मुका घेतला. "ई, काय करतेस!" म्हणाली. तशीच जाऊन बसले. जागं होईपर्यंत थांब, मग सांग — एवढंच घातलं. केबल दोनदा तपासली. नवऱ्यालाही तपासायला लावली, भिंगं लावून!

पडदा उजळला. थोडा थरथरला आणि स्थिरावला. माझं कार्ड. माझंच.

दुरुस्ती तक्रारखोराला पाठवली. आता सगळं त्याच्या हातात.

२६ फेब्रुवारी

त्याचं काहीच नाही. आजारी पडला असेल का? सासूबाईंनाही ताप आहे, घरभर काढ्याचा वास. कार्टी त्यांच्या उशाशी बसून आहे. खडूस विचारतोय, दुसरा माणूस कुठे आहे?

२७ फेब्रुवारी

ताप उतरला. त्याचं अजून काही नाही. उद्या शेवटचा दिवस. आज उगाचच चारदा झाडलं घर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आला! आला! दुपारी आला!

"चालतो. ढग गोल. आभारी आहे."

आभारी! त्याने! मी तो निरोप मोठ्याने वाचला, रिकाम्या स्वयंपाकघरात. खडूसला पाठवला. तासाभरात उत्तर — ड्रायव्हर राहतो, तुमची ओळ राहते. आणि शेवटी, पहिल्यांदाच: नमस्कार.

१ मार्च, शनिवार

इतकी खुशीत होते की म्हटलं चला, आज ती कडी तरी बसवू. दुपारी हत्यारांचा डबा घेऊन सासूबाईंच्या खोलीचं दार हळूच ढकललं.

झोपल्या नव्हत्याच! कानावर सासऱ्यांचे भले मोठे हेडफोन, पाठ ताठ, आणि समोर सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान. खाली ढग. गोल, गुबगुबीत ढग, मी कधीच न पाहिलेले. शेजारी कार्टी, दोन्ही हात तोंडावर.

"थांब," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "उतरतेय."

अलगद उतरल्या. हेडफोन काढले. मी डबा धरून तशीच उभी.

"आई... तुम्ही? अहो, एवढी वर्षं! घरातल्या घरात सांगायचं ना मला!"

त्यांनी कडीकडे बोट दाखवलं.

"घरात सांगितलं की 'बघते' म्हणतेस. तिथे सांगितलं की दुसऱ्या दिवशी होतं."