बारक्या पट्ट्या

७ फेब्रु. १९९३, रविवार
नांदेडला जाऊन आलो. मी, ताईची सुषमा आणि आमचा अमोल. ह्यांच्या ऑफिसात ऑडिट, म्हणून हे नाहीत. कीबोर्ड घेतला एकदाचा.

दुकानदारानं दोन काढून ठेवले होते. एक मोठ्या पट्ट्यांचा, पेटीसारखा, बाकी फारसं काही नाही त्यात. दुसरा बारक्या पट्ट्यांचा, नुसती बटणंच बटणं. एक दाबलं की ढोलकी वाजते, एक दाबलं की कोंबडा आरवतो. शिकायचं असेल तर मोठाच न्या बाई, बोटांना वळण लागतं, असं दुकानदार स्वतः म्हणाला. भावात चहापाण्याचा काय तो फरक.

सुषमा मोठ्यावर बोटं ठेवून बसली. विहारातल्या पेटीवर बसते तशी. थोडं वाजवलंही. तेवढ्यात अमोलनं कोंबडा आरवून घेतला आणि खिदळत माझ्या पदराला लोंबकळला. मी बारका बांधायला सांगितला.

शिकायचं सुषमाला होतं. पैसे बाजूला टाकायला लागलो तेही तिच्यासाठी. दुकानात मी ते विसरले होते असंही नाही.

८ फेब्रु.
जेवताना ह्यांनी विचारलंच. गायन पार्टीच्या मास्तरांनी मोठा सांगितला होता ना, मग हा कसा? माझ्या तोंडून निघून गेलं, आपल्या आवाक्यातला नव्हता. सुषमा समोरच वाढत होती. भाव तिच्या देखतच झाला होता. वाटलं, आता बोलते ही.

"लय महाग होता, काका," म्हणाली. आणि ह्यांच्या ताटात भाजी वाढली.

तेरा वर्षांची पोर माझं खोटं सावरून घेते. ताई दवाखान्यात होती शेवटची, तेव्हा हिचा हात माझ्या हातात देऊन काय म्हणाली होती? अमोलमध्ये आणि हिच्यात... जाऊ दे. लिहवत नाही.

२१ फेब्रु.
अमोलचा नाद फिटला. कोंबड्याला किती दिवस हसणार. आता गोट्या.

सु. भांडी उरकून बसते रोज. बोटं लांब आहेत, ताईवर गेलीत. एक पट्टी दाबायला जावं तर शेजारची पण दबते. मग बोटं आखडून, नखांच्या टोकानं वाजवते. जमतं का म्हणून विचारलं.
"जमायलंय की, मावशी."
पेटीवर किती मोकळी वाजवायची.

११ मार्च
झरीच्या शाळेत आज फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझी. 'नेहमी खरे बोलावे' लिहिलं. मग पुसून 'नखे वेळेवर कापावीत' लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, बाई, हा काय सुविचार झाला? म्हटलं, पोरांच्या उपयोगाचा आहे.

१५ एप्रिल
काल जयंती. वस्तीतला पहिला कीबोर्ड, म्हणून पोरांनी हट्टच धरला. पेटी नको, सुषमाचा बाजाच स्टेजवर पाहिजे. सु.ला नको होतं ते, माझ्याकडे बघत होती. मी काही अडवलं नाही. मिरवायची हौस मलाही होतीच.

पहिलं गाणं निभावलं. नामांतराच्या गाण्याला चाल जलद, आणि दोन-दोन पट्ट्या दबायला लागल्या. गायकांनी हात वर करून गाणं थांबवलं. पेटी मागवली, पेटीवर दुसऱ्याच कोणाला बसवलं. सु. बाजा मांडीवर घेऊन स्टेजच्या कडेला, सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. शेजारची बाई मला म्हणाली, तुमी एवढा बाजा घेऊन दिला, पण पोरीच्या हातातच न्हाई बघा.

मी मान डोलावली.

घरी येताना सु. एवढंच बोलली, माझाच सराव कमी पडला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तेवढ्यावर भागवलं. लाज वाटते स्वतःची.

९ मे, रविवार
भाऊजी, सु.चे वडील, आले होते, देवगाव फाट्याकडून. दुसऱ्या बायकोला दिवस गेलेत, घरात हाताशी कोणी पाहिजे, पोरीला नेतो म्हणतात. हे म्हणाले, तिची शाळा बुडेल, आणि आधी तिला तर विचारा. भाऊजींनी विचारलं, तुला इथं काय कमी हाय का?
"कायी न्हाई. मावशी लय करते."
राहायचं की जायचं, ते मात्र सांगितलं नाही. शाळा उघडायच्या आधी ठरवू म्हणून भाऊजी गेले.

कीबोर्ड खोक्यात जाऊन कपाटावर बसलाय. कोणी ठेवला, कोणी विचारत नाही.

एक लिहूनच टाकते. ती गेली तर बरं, असं क्षणभर वाटलं मला. रोज ती बोटं तरी बघावी लागणार नाहीत. असली मावशी.

६ जून, रविवार
ह्यांना थकलेला महागाई भत्ता मिळाला. स्वारी खुशीत. म्हणाले, बारका कोणाला तरी देऊन टाकू, मोठा आणू, मग बघू पोरगी कशी जाते ते. मला विचारलं, तेव्हा कितीला अडलं होतं आपलं? आठवत नाही म्हटलं. मग सु.कडे वळले. तू होतीस ना गं दुकानात?

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मावशीला इचारा, काका. भाव मावशीनंच केला होता."

चिडून म्हणाली असंही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. हे मात्र बघत राहिले माझ्याकडे, हसतच. त्यांच्या मनात काही नाही. मी म्हटलं, आठवून सांगते.

भाऊजी परवा येणार. सु.नं आपले कपडे धुऊन वेगळी चवड केलीय, पिशवीत भरलेले नाहीत अजून. हे बाहेर ओट्यावर बसलेत. आठवून सांगते म्हटलंय. आठवायला काय आहे त्यात.