कंबर भरलीय म्हणायचीस

आई, मुरबाडकडच्या एका पाड्यावरून आत्ता आले आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघरात बसलेय. कल्याणपर्यंत एसटीत उभी होते. तू असतीस तर आधी चप्पल काढायला लावलं असतंस, मग चहा.

आम्ही तिघी बायका मोबाइलवर बातम्या करतो, हे तुला कधी धड पटलं नाही. गावातल्या बायकांच्या दुखण्यावरचा माझा पहिला व्हिडिओ तुला दाखवला, तेव्हा पोळी लाटता लाटता तू म्हणालीस, "बाईच्या अंगाच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडतेस? लाज नाही वाटत?" आणि पाटावर एका बाजूला कलून बसलीस. नेहमी तशीच बसायचीस. विचारलं की, "कंबर भरलीय." मी दिवसभर परक्या बायकांना खोदून खोदून विचारायचे आणि घरी तुझ्या कंबरेवर विश्वास ठेवायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तुला शेवटची आंघोळ घालताना मावशीच्या हाताला ते घट्ट बांधलेलं फडकं लागलं. गर्भपिशवी खाली सरकून अंग बाहेर यायचं तुझं, कित्येक वर्षं. मला तुझा फार राग आला होता. अजून येतो.

आज जिच्याकडे गेले होते, तिलाही तेच दुखणं आहे. ती तांदूळ निवडत होती. मी फोन तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे नुसते हात दिसतील. आम्ही चेहरा मागत नाही. हात कामात असले की बायका बोलतात. पण ही बोलेना. "सगला आमालाच इचारता. तुमच्या घरचा पन सांगा ना कायतरी." मग मी तुझं सांगितलं. पाट, फडकं, सगळं. तिचे हात थांबले. नंतर ती बोलायला लागली ती थांबेचना. दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, पुरुषाला कसं दाखवायचं, पाण्याचा हंडा तर उचलावाच लागतो.

निघताना मी म्हटलं, माझं बोलणं कापून टाकते हं. तर म्हणाली, "तुमचा कापाल त माझा पन कापा. मी एकलीच कशाला?"

म्हणजे तुझी लाज राखायची, तर तिचं दुखणं पुन्हा तिच्या चुलीपाशीच राहणार. बाई डॉक्टर मागायला तिच्याकडे दुसरं काही नाही, हा एवढा व्हिडिओ आहे. मी दमलेय गं. रोज कुणाचं झाकायचं आणि कुणाचं उघडं करायचं, हे ठरवून ठरवून दमलेय. म्हणून तुलाच विचारायला बसले, की ठेवू का तुझं त्यात?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण विचारतेय ते उगाच. व्हिडिओ मी एसटीतूनच नेटवर टाकला, काहीही न कापता. तू असतीस तर महिनाभर अबोला धरला असतास. धरू दिला असता. डॉक्टरकडे मात्र तुला ओढत नेलं असतं.